डिजिटल कथन : एका विद्यार्थिनीची वही

‘डिजिटल स्टोरीटेलिंग’ या नावाचा एक कौशल्यविषय आता काही महाविद्यालयांतून शिकवला जातो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदवीला जे कौशल्यविषय आले, त्यांत आमच्या महाविद्यालयाने हा घेतला, आणि मराठी विभागात वयाने लहान म्हणून तो माझ्या गळ्यात पडला. मोबाइलवर व्हिडिओ काढायला शिकवायचे, यापलीकडे मला त्यात काही दिसत नव्हते. चळवळीतल्या मित्रांचे मतही वेगळे नव्हते. ‘पोरं दिवसभर तेच करतात, त्याला आणखी मार्क कशाला?’ असे एकाने तोंडावर विचारले. दोन वर्षे हा विषय शिकवल्यावर, आणि विशेषतः एका विद्यार्थिनीचे तीन प्रकल्प व त्यांसोबतची तिची वही वाचल्यावर, माझे मत बदलले. ते का बदलले हे सांगण्यासाठी हा लेख आहे. लेखाला तिने परवानगी दिली आहे. नाव आणि गाव देऊ नये ही तिची अट आहे.

आधी हा प्रकार काय आहे ते पाहू. मराठीत त्याला ‘डिजिटल कथाकथन’ म्हणतात, पण त्या शब्दाने घोटाळा होतो. कथाकथन म्हटले की आपल्यासमोर शंकर पाटील, द. मा. मिरासदार, व्यंकटेश माडगूळकर यांचे कार्यक्रम येतात. व्यासपीठावर लेखक आणि समोर हसणारा श्रोतृवर्ग. येथे तसे काही नाही. ज्याच्या आयुष्यात गोष्ट घडली त्यानेच ती लिहायची, स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित करायची, तिला आपल्याजवळची छायाचित्रे जोडायची आणि दोन-तीन मिनिटांची फीत तयार करायची. म्हणून मी नुसते ‘डिजिटल कथन’ म्हणतो. खरे तर अस्सल मराठी नावच हवे असेल तर ते शांताबाई कांबळे यांनी केव्हाच देऊन ठेवले आहे. ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ हे त्यांचे आत्मकथन १९८६ साली पुस्तकरूपाने आले. चित्तरकथा म्हणजे चित्रकथाच.

याची सुरुवात अमेरिकेत, कॅलिफोर्नियात झाली. डाना अ‍ॅचली नावाचा कलावंत स्वतःच्या आयुष्यातील छायाचित्रे व चित्रफिती पडद्यावर दाखवत रंगमंचावरून गोष्टी सांगत असे. नाट्यक्षेत्रातील जो लॅम्बर्ट आणि नीना मुलन त्याला येऊन मिळाले व १९९४ साली त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोत सामान्य माणसांना हे शिकवणारे केंद्र काढले. पुढे ते बर्कली येथे ‘सेंटर फॉर डिजिटल स्टोरीटेलिंग’ या नावाने चालले. २०१५ पासून त्याचे नाव ‘स्टोरीसेंटर’ आहे. त्यांचे शिबिर साधारण तीन दिवसांचे असते. माणसे गोलाकार बसतात, प्रत्येक जण आपली गोष्ट तोंडी सांगतो, बाकीचे ऐकतात. मग ती गोष्ट अडीचशे-तीनशे शब्दांत लिहायची. यंत्राचा भाग शेवटी येतो. वेल्समध्ये बीबीसीने २००१ ते २००८ या काळात छायाचित्रकार डॅनियल मेडोज यांच्या पुढाकाराने ‘कॅप्चर वेल्स’ हा असाच उपक्रम गावोगाव नेला.

दुसरा प्रवाह विद्यापीठातला. व्हर्जिनिया राज्यातील मेरी वॉशिंग्टन विद्यापीठात ‘डीएस १०६’ हा अभ्यासक्रम आहे. जिम ग्रूम व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला आजचे रूप दिले आणि २०११ पासून तो विद्यापीठाबाहेरच्या कोणालाही खुला केला. येथे विद्यार्थी सत्रभर छोटे छोटे प्रकल्प करतो. कधी छायाचित्राचा, कधी नुसत्या आवाजाचा, कधी चित्रफितीचा. आणि प्रत्येक प्रकल्पासोबत तो लिहितो : हे मी कसे केले, काय जमले नाही, काय टाकून दिले आणि का. या लिहिण्याला तेथे प्रकल्पाइतकाच मान आहे. मी पहिल्या प्रवाहातून गोलाकार बसणे घेतले आणि दुसऱ्यातून ही वही घेतली. वही घेतली ती खरे सांगायचे तर नाइलाजाने. मला व्हिडिओतले फारसे कळत नव्हते; लिहिलेले तपासता येत होते.

आता त्या विद्यार्थिनीकडे येतो. ती माणदेशाकडची, मातंग समाजातली. वडील हलगी वाजवतात. पहिला प्रकल्प छायाचित्राचा होता : घरातले एक जुने छायाचित्र घ्या आणि त्याच्याविषयी बोला. हा पाठ मी परदेशी पद्धतीतून जसाच्या तसा उचलला होता. त्या पद्धतीत गृहीत धरलेले असते की प्रत्येक घरात एक अल्बम असतो. दुसऱ्या दिवशी निम्म्याहून अधिक वर्ग रिकाम्या हाताने आला. हे आधी सुचायला हवे होते, कारण माझ्या स्वतःच्या घरात माझा लहानपणीचा एकही फोटो नाही. माझा पहिला फोटो दहावीच्या परीक्षेच्या अर्जासाठी काढलेला आहे. घरातला पहिला पदवीधर झालो, शिकवायला लागलो आणि अल्बम नसलेल्या घरातून आलो हे विसरलो.

मुलांनी रेशनकार्डे आणली, जातीचे दाखले आणले, एकाने भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीचा फोटो काढून आणला. ही मुलगी मात्र आठवड्याने आली. तिला घरात वडिलांचा एकही जुना फोटो सापडला नव्हता. तेव्हा तिने वडिलांना विचारले, ‘तुम्ही कुणाकुणाच्या लग्नात वाजवलं?’ आणि त्यातल्या एका वाड्यावर जाऊन तिने लग्नाचा अल्बम मागितला. अल्बम मिळाला. ओसरीच्या पायरीवर बसून पाहावा लागला, पण मिळाला. त्यातल्या एका फोटोत नवरदेव घोड्यावर आहे, आणि कडेला एक कोपर व अर्धी हलगी दिसते. बाकीचा माणूस चौकटीच्या बाहेर कापला गेला आहे. ते तिचे वडील.

मोबाइलवर तिने त्या फोटोचा फोटो काढला, आणि नवरदेवाला कापून फक्त कोपर व हलगी ठेवली. प्रकल्प एवढाच. वहीत तिने लिहिले की फोटोग्राफरने वडिलांना मुद्दाम कापले नाही, त्याला ते दिसलेच नव्हते. आपण नवरदेवाला कापले ते मात्र मुद्दाम. पुढे आणखी एक गोष्ट लिहिली. अल्बममध्ये तिच्या वडिलांच्या मागे आणखी स्पष्ट हलगी दिसणारा दुसरा फोटो होता, पण त्यात वाड्यातल्या बायकांचे चेहरे होते. तो तिने घेतला नाही. ‘आम्हाला कधी कुणी विचारलं नाही, म्हणून मीही विचारू नये असं होत नाही.’ एवीतेवी मी छायाचित्राच्या नीतीवर एक व्याख्यान तयार केले होते. ते मी दिले नाही.

दुसरा प्रकल्प आवाजाचा. लॅम्बर्टच्या पद्धतीत निवेदकाच्या स्वतःच्या आवाजाला आणि पार्श्वध्वनीला मोठे स्थान आहे. तिच्याकडे तर हलगी होती! सगळ्या वर्गाने गृहीत धरले, मीही धरले, की आता हलगी ऐकायला मिळणार. तिने आणला तो नुसता बोलण्याचा आवाज. तोही प्रथम प्रमाण मराठीत वाचलेला, आकाशवाणीच्या बातम्यांसारखा. मी काही बोललो नाही. गोलात बसलेल्या एका मुलाने विचारले, ‘हे तू घरी असंच बोलतीस का?’ तिने फीत पुसली आणि घरच्या बोलीत पुन्हा मुद्रित केली. दुसऱ्या फितीत ती दोन ठिकाणी अडखळते. ते अडखळणे तिने काढले नाही. आपल्या साहित्यात बोलीचा हा प्रश्न चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी निकालात निघाला असे आपण समजतो. वर्गात तो दर जूनमध्ये नव्याने उभा राहतो.

पण हलगी का नाही? याचे उत्तर वहीत होते. वडील गावाला ‘मानाचे’ वाजवतात. जत्रेला, पोळ्याला, कुणाच्या मयताला. त्याचे पैसे मिळत नाहीत, मिळाले तर धान्य नाहीतर नारळ. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाव वतने संपली, पण वतन गेले तरी काम मागे राहिले आणि त्याला मान हे नाव पडले. महाविद्यालयातल्या मैत्रिणींना हलगी ऐकली की नाचावेसे वाटते. तिला त्या आवाजात वडिलांना आलेले बोलावणे ऐकू येते. ‘माझ्या फितीवर कुणी नाचू नये’ असे तिने लिहिले.

येथे माझी चूक सांगणे भाग आहे. स्नेहसंमेलन जवळ आले होते. समितीला कळले की मराठी विभागात हलगीवर काही प्रकल्प चालला आहे. फीत दाखवावी, आणि तिच्या वडिलांनाच मंचावर बोलावून ‘लोककला’ म्हणून हलगी वाजवून घ्यावी, असा बेत ठरला. मला तो गैर वाटला नाही. पाहुण्यांसमोर आपल्या समाजाच्या एका कलावंताचा सत्कार होईल, असेच मला वाटले. मी तिला म्हणालो, ‘वडिलांना विचारून बघ.’ तिने मान हलवली. वहीत त्या तारखेला एकच ओळ आहे : ‘सरांनी पण बोलावणं पाठवलं.’

ही ओळ वाचल्यावर मी समितीला नकार कळवला. शौर्य म्हणून सांगत नाही. तो आधीच द्यायला हवा होता. मुद्दा असा की फीत पाहून मला हे कधीच कळले नसते. फितीत हलगी नव्हती एवढेच दिसले असते, आणि मी कदाचित पार्श्वध्वनीचे दोन गुण कापले असते.

तिने घरी वडिलांना विचारले ते मात्र खरे, आणि तेथे गोष्टीला वेगळेच वळण लागले. वडील मुलीवर रागावले. हलगी लपवण्यासारखी वस्तू आहे असे मुलीला वाटते, याचे त्यांना वाईट वाटले. ‘हात माजा हाय. गावाचा न्हाय,’ असे ते म्हणाले. त्यांनी तिला गावकी आणि सुपारी यातला फरक सांगितला. गावकी म्हणजे सांगितले की उठायचे. सुपारी म्हणजे दर ठरवायचा, विसार घ्यायचा, पटले नाही तर नाही म्हणायचे. अण्णाभाऊंच्या जयंतीला १ ऑगस्टला आणि बाबासाहेबांच्या जयंतीला ते मिरवणुकीत वाजवतात, लांबच्या गावांहून त्यांना बोलावणे येते. हा फरक वीस वर्षे त्याच घरात राहून मुलीला माहीत नव्हता. तिने ही सारी बोलाचाली वडिलांच्या परवानगीने वहीत उतरवली, आणि त्याखाली स्वतःचे आधीचे मत खोडले नाही. दोन्ही मते एकाखाली एक तशीच आहेत.

वाद जुना आहे. १९२७ च्या महाडनंतर मेलेली गुरे ओढणे व गावकीची कामे टाकून देण्याचा जो निर्धार झाला, त्यातून वाद्याचा प्रश्नही निघालाच : काम टाकायचे की काम आणि वाद्य दोन्ही टाकायचे? तमिळनाडूत परई या वाद्याविषयी असेच घडले. मयताला परई वाजवणे अनेकांनी नाकारले, आणि नंतरच्या दलित कलापथकांनी तीच परई निषेधाचे वाद्य म्हणून मंचावर आणली. मी हे तिला सांगितले. तिने लिहून घेतले आणि कंसात टीप दिली : ‘ते त्यांनी ठरवलं.’

तिसरा प्रकल्प ही पूर्ण फीत, दोन मिनिटे चाळीस सेकंदांची. सुरुवातीला अल्बममधले कोपर. मग तिचा आवाज : गावकी म्हणजे काय, सुपारी म्हणजे काय. शेवटी वडील अंगणात काडीकचरा पेटवून हलगी शेकताना दिसतात. जाळाचा चरचराट आहे. शेकलेल्या कातड्यावर ते बोट टिचकावून ताण पाहतात, टिपरू हातात घेतात, आणि फीत तेथे संपते. वर्गात ती दाखवली तेव्हा काही मुले म्हणाली की फोन अडकला. घरी वडिलांनी पाहिली आणि म्हणाले, ‘वाजवायचं राह्यलं की गं पोरी.’ ती काय म्हणाली हे वहीत नाही. मी विचारले नाही.

माझ्या म्हणण्याचा गाभा येथे आहे. डिजिटल कथनात यंत्र स्वस्त झाले म्हणून प्रत्येकाला आवाज मिळाला, असे जे उत्साहाने सांगितले जाते ते अर्धेच खरे आहे. आवाज आपल्याला कधीच नव्हता असे नाही. तो बोलावल्यावर द्यावा लागत होता. तेव्हा काय दाखवायचे, काय दाखवायचे नाही, कुणाला दाखवायचे आणि कुठे थांबायचे हे ठरवण्याचा अधिकार कथन करणाऱ्याकडे असणे, हीच या प्रकारातली खरी वस्तू आहे. फितीत फक्त त्या ठरवण्याचा परिणाम दिसतो. ठरवणे वहीत दिसते.

याची मोठी उदाहरणेही आहेत. उत्तर प्रदेशात चित्रकूटला २००२ साली ‘खबर लहरिया’ हे ग्रामीण स्त्रियांनी चालवलेले पत्र निघाले. त्यांत दलित स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. पुढे त्या छापील अंक सोडून मोबाइलवर बातम्या करू लागल्या. त्यांच्यावर ‘रायटिंग विथ फायर’ हा माहितीपट २०२१ साली निघाला आणि ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचला. जगभर कौतुक चालू असताना २०२२ च्या मार्चमध्ये ‘खबर लहरिया’ने जाहीर निवेदन केले की या चित्रपटात आमच्या कामाचे चित्र अपुरे आहे. ज्यांच्या हातात स्वतःचे कॅमेरे होते त्यांनाही हे सांगावे लागले. उलट, अमेरिकेत वाढलेली तमिळ दलित कार्यकर्ती थेन्मोळी सौंदरराजन हिने डिजिटल कथनाचे तंत्र वंचित समूहांच्या हाती देण्याचे काम केले आणि २०१५ पासून ‘दलित हिस्टरी मंथ’ या उपक्रमात आपला इतिहास आपणच मांडण्याचा आग्रह धरला. आपल्याकडे २०११ साली सुरू झालेल्या ‘दलित कॅमेरा’ने तो आग्रह मुलाखती व सभांच्या चित्रीकरणातून चालवला. यातील कोणीही तंत्राची भीती बाळगली नाही, आणि तंत्राची भक्तीही केली नाही.

एक आक्षेप मला मान्य आहे. ही परदेशी पद्धत ‘मी’ला फार चिकटलेली आहे. माझे दुःख, माझा प्रवास, माझे सावरणे. आणि शेवटी ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी. आपल्या आत्मकथनांतला ‘मी’ एकटा नाही. बेबीताई कांबळे यांनी घरच्यांपासून वह्या लपवून वर्षानुवर्षे जे लिहिले त्याचे नाव ‘जिणं आमुचं’ आहे, ‘माझं’ नव्हे. गोलाकार बसण्याची पद्धत आपण वापरली तर ती या ‘आमुचं’कडे वळवावी लागेल. गोलातल्या कुणी ‘घरी असंच बोलतीस का’ विचारावे, घरातल्या कुणी ‘हात माजा हाय’ म्हणून खोडून काढावे. असे खोडून काढणारे कोणी नसेल तर दोन मिनिटांची फीत फार लवकर विकाऊ दुःख होते. तसे झालेलेही मी पाहिले आहे, माझ्याच वर्गात.

ज्यांना शाखेत, वसतिगृहात किंवा महाविद्यालयात हे करून पाहायचे असेल त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. फोन एक असला तरी पाच जणांना पुरतो. मराठीत दोनशे-सव्वादोनशे शब्दांपेक्षा अधिक लिहू देऊ नये. वाचताना अडीच मिनिटे सहज होतात. आवाज घुमू नये म्हणून ध्वनिमुद्रण रिकाम्या वर्गात न करता घरात, गोधड्यांच्या उतरंडीजवळ करावे. ऑडॅसिटी हे आवाज जोडण्या-तोडण्याचे साधन संगणकावर फुकट मिळते. फोटो नसेल तर नसल्याचाच फोटो काढावा, म्हणजे तो जिथे टांगला असता ती भिंत. दुसऱ्याच्या तोंडचे घेतले असेल तर फीत आधी त्याला दाखवावी आणि नको म्हणाला तर पुसावी. सर्वांना पाहता येईल अशा जागी फीत टाकायची की नाही हे सत्र संपल्यावर महिन्याने ठरवावे, उत्साहाच्या भरात नव्हे. एकदा बाहेर गेलेली फीत परत येत नाही, आणि तिच्याखाली लोक काय लिहितात हे आपल्या मुलींनी सोसायचे असते, शिक्षकांनी नव्हे.

वहीबद्दल एवढेच की ती रोज लिहवावी आणि व्याकरणासाठी तपासू नये. १८५५ साली ‘ज्ञानोदया’त मुक्ताबाई या मांग मुलीचा निबंध छापून आला. जोतीराव आणि सावित्रीबाई यांच्या शाळेतली ती विद्यार्थिनी. म्हणजे आपण आज जिला दलित स्त्रीच्या लेखनाची सुरुवात म्हणतो, ते एका विद्यार्थिनीचे शाळेतले लेखन होते. कोणीतरी ते वर्गातले काम म्हणून बाजूला ठेवले नाही, छापायला पाठवले.

आमच्या विषयाच्या गुणपत्रिकेत फितीला गुण होते, वहीला नव्हते. या वर्षी अंतर्गत गुणांतले निम्मे वहीकडे वळवण्याची परवानगी मागितली आहे. अर्ज विभागाकडून पुढे गेला आहे. विद्यार्थिनीची फीत तिच्याच फोनमध्ये आहे. वही तिने परत नेली. वडिलांची आणखी काही वाक्ये तिला त्यात उतरवायची आहेत.